काठोकाठ भरलेली डबी

जून महिन्याचा तिसरा सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. ही वेळ मला आजही डायरी न उघडता सांगता येते. त्या दिवशी मी एका निरपराध माणसाला सात तास पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले.

राजारामपुरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका मोटारीने उभ्या रिक्षाला धडक दिली. रिक्षाचालक बाहेर उभा राहून काच पुसत होता. त्याचा उजवा पाय मोडला. मोटार चालवणारे गृहस्थ खासगी शिकवणीत गणित शिकवत. घर पेठ वडगावजवळ, तेथे वडिलांची शेती. रोजचे येणे-जाणे मोटारीने. त्यांना साधे खरचटलेही नव्हते. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ब्रेक लागलाच नाही, साहेब. पॅडल सरळ खाली गेलं."

कोपऱ्यावर फळे विकणाऱ्या बाईंनी नेमके उलटे सांगितले.

"पुढच्या चाकातनं धूर निघत हुता की! करपल्याचा वास सुटलेला. ब्रेक दाबल्याबिगर धूर येतोय व्हय?"

मी पुढच्या चाकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. बाई खरे बोलत होत्या. मग गाडीत बसून पॅडल दाबले, ते तळाला टेकले. शिक्षकही खरे बोलत होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे माझ्या ध्यानात येईना. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली.

"साहेब, ब्रेक लागला होता लिहू, का नव्हता?"

"दिसतं ते लिहा."

त्याने लिहिले: पुढील दोन्ही चाके तापलेली, ब्रेकचे पॅडल सैल, पुढील बंपरला दोऱ्यात ओवलेले लिंबू व मिरच्या, लिंबू अद्याप पिवळे. शेवटची नोंद वाचून मी पुढे गेलो. तेथेच थांबायला हवे होते.

दहाच्या सुमारास ठाण्यात दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही, पण मागे कपबशांचा आवाज होता. शिक्षकांनी गाडी दुरुस्तीचे जे गॅरेज सांगितले होते, त्याच्या समोरच चहाची टपरी आहे, एवढे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "त्या मिस्त्रीनं सरांना दम दिलेला, साहेब. तीन आठवडं झालं. ठोकल्याबिगर तुमास्नी कळायचं न्हाय, असं म्हनला. ह्या कानानं ऐकलंय."

शिक्षकांना विचारले. भांडण झाले होते, हे त्यांनी मान्य केले. आता त्यांचाही संशय मिस्त्रीवरच होता. मी जीप पाठवली. मिस्त्रीला चार गिऱ्हाइकांदेखत, हात धुऊ न देता आणले गेले. तो आला तेव्हा साडेदहा वाजले होते.

"असं बोललास का?"

"बोललो की."

"म्हणजे धमकी दिलीस."

"धमकी कसली, सायेब? पुढचे ब्रेक पॅड झिजलेत, बदला म्हनलो. सर म्हनाले, गाडी दारात आली की तुमी लोक कायतरी काढताच. मग सुटलं तोंडातनं."

त्याने गॅरेजातून कामाचे कार्ड मागवून घेतले. त्यावर लिहिले होते: पॅड बदलणे जरुरीचे, मालकांचा नकार. खाली शिक्षकांची सही होती. सरळ पाहिले असते तर तो कागद त्याच्या बाजूचा होता. मी मात्र तो उलटा वाचला. गुन्हा करणारा माणूस आधी कागद तयार ठेवतो, असे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. मी त्याला बाकावर बसायला सांगितले. मनात गुन्हा ठरला होता: जीव धोक्यात घालण्याच्या हेतूने ब्रेकमध्ये केलेली छेडछाड. केवळ पुरावा यायचा होता.

दुपारी तीनला मोटार वाहन निरीक्षक आले. गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली होती. त्यांनी बॉनेट उघडले आणि प्रथम ब्रेक ऑइलची डबी पाहिली. ती काठोकाठ भरलेली होती. झाकण काढताच आतले रबर बाहेर लोंबले. ते रात्रभर भिजवलेल्या पावट्यासारखे फुगले होते. निरीक्षकांनी काचेच्या पेल्यात पाणी मागवले आणि डबीतल्या तेलाचे चार थेंब त्यात सोडले. थेंब वर तरंगत राहिले.

"ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं," ते म्हणाले. "हे इंजिनात घालायचं तेल आहे. यानं आतली सगळी रबरं फुगली. त्यामुळं ब्रेक थोडा लागलेलाच राहिला आणि चाकं तापत गेली. फार तापल्यावर दाब राहिला नाही. मग पॅडल खाली गेलं."

बाई खऱ्या, शिक्षकही खरे. एक गाठ सुटली. पण हे तेल घातले कोणी? मी पेला घेऊन आत गेलो आणि मिस्त्रीसमोर टेबलावर ठेवला.

"आता काय सांगतोस?"

त्याने पेला उचलून उजेडाकडे धरला. सकाळपासून तो चढ्या आवाजात बोलत होता. तो आवाज आता उतरला.

"तीन आठवड्यामागं मी हे घातलं असतं तर गाडी आठ दिसांत बसली असती, सायेब. आन् माझ्यावर हे आलं तर उद्यापासनं गॅरेजात गाडी कोन लावंल? वीस वर्सं ब्रेकचीच कामं केलीत मी."

चारच्या सुमारास शिक्षकांचे वडील एसटीने आले. सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात भाकरीचे फडके. मुलगा धड आहे हे पाहून ते खुर्चीवर टेकले. समोरच पेला होता. त्यांनी त्यात बोट बुडवले, दोन बोटांत चोळले आणि नाकाशी नेले.

"हे आमच्या ट्रॅक्टरचं तेल हाय. हितं कसं आलं?"

शिक्षक हळूच म्हणाले, "आबा, माझ्या गाडीत तुम्ही काही घातलंत का?"

"घातलं की! अवसेला ट्रॅक्टर धुतला, तेल-पानी बघितलं, तशी तुझीबी धुतली. लिंबू बांधलं. ती पांढरी डबी खाली गेल्याली दिसली. तू तर कवा बॉनेट उघडत न्हाईस, लेका. कोरडी गाडी रस्त्यावर सोडू व्हय?"

अमावास्या सहा दिवसांपूर्वी झाली होती. पंचनाम्यातले पिवळे लिंबू मला तेव्हा आठवले: ते वाळले नव्हते, म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वी घरच्या कोणीतरी गाडीला हात लावला होता.

पहिल्यांदा मिस्त्रीच बोलला, आणि सौम्यपणे.

"आबा, पॅड झिजले म्हनून डबी खाली गेलती. तेल संपलं म्हनून न्हवं."

"म्हंजी भरायची नव्हती?"

"का उतरली ते बघायचं हुतं."

म्हातारबांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. "मग मला घ्या आत, सायेब. त्या रिक्षावाल्याचा पाय माज्या हातनं मोडला."

शिक्षकांनी टेबलावरचे कार्ड उचलले, स्वतःची सही पाहिली आणि म्हणाले, "आबांना नको. हा नकार माझा आहे. गाडी आठवडाभर जड चालत होती, तेही मला कळत होतं."

घातपाताचा संशय मी लेखी रद्द केला. निष्काळजीपणाचा गुन्हा शिक्षकांवर नोंदवला. वडिलांचा जबाब घेतला.

मोटारीबाबत त्या दिवशी शिकलो ते साधे आहे. पावसाळ्याआधी वायपर आणि टायर, उन्हाळ्याआधी रेडिएटरचे पाणी, महिन्यातून एकदा बॉनेट उघडून सर्व तेलांची पातळी. हे मी आता स्वतः पाहतो. पातळी उतरलेली दिसली तर हाताशी असेल ते ओतत नाही, जाणत्याला कारण विचारतो. तपासाबाबत शिकलो ते सांगणे अधिक अवघड आहे. मलाही सकाळी एक जागा रिकामी दिसली होती. हाताशी मिस्त्री होता. मी ती जागा त्यालाच घालून भरली.

साडेपाचला त्याला म्हणालो, "चल, जीपनं सोडतो." त्याने आवारातल्या जीपकडे पाहिले, न विचारता बॉनेट उचलले आणि वाकला.

"हिचीबी डबी खाली गेलीया, सायेब. कवा बघितली हुती?"

चालक शिपाई म्हणाला, "लगेच भरून घेतो, साहेब."

"भरायचं नाही," मी म्हणालो आणि किल्ली मागून घेतली.

मी गणवेशात, मिस्त्रीच्या बरोबरीने, त्याच्या गॅरेजपर्यंत चालत गेलो. चहाच्या टपरीसमोर थांबून, तेथल्या सर्वांना ऐकू जाईल असे बोललो, "या माणसाचा काही दोष नाही. चूक माझी." टपरीवाला किटली पुसत राहिला. मिस्त्रीने शटर वर केले.

परत येऊन जीपची किल्ली कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि स्टेशन डायरीत शेवटची नोंद केली: शासकीय जीप, ब्रेक तपासणी होईपर्यंत वापरास बंद.