दाढोबाचा नऊ दिवसांचा उपास

दाढोबाने रातकिडा पाहिला, एक डोळा मिटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिली गडबड ती.

दाढोबा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांबीचा, गळ्याला काट्यांची दाढी असलेला पाळीव सरडा. मूळचा ऑफिसमधल्या पल्लवीचा. तिचं लग्न ठरलं, सासरच्यांनी "तो किंवा आम्ही" असं स्पष्ट सांगितलं, म्हणून तो काचेच्या पेटीसकट आमच्या चिंचपोकळीच्या दोन खोल्यांत आला. आला तो काही खाईनाच. मी मोबाइल व्हायब्रेट झाला तरी दचकणारी. हा आता माझ्या हातून मरणार, एवढंच डोक्यात!

पल्लवीने जाताना मला सरडेवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं. तिथले किस्से म्हणजे सरड्यांसाठी वाढवतात त्या डुबिया झुरळांसारखे. चार आणून ठेवा, काही महिन्यांत मोठा डबा शोधावा लागतो.

*

रातकिडे संदेशचे. संदेश त्याच ग्रुपमधला, भोईवाड्याचा, एका वकिलाकडे असिस्टंट. घरात जागा नाही म्हणून रातकिडे वाढवतो पलंगाखाली, आणि गिऱ्हाइकाला द्यायचे असले की डबा ऑफिसच्या बॅगेत.

एकदा कोर्टात ऐन सुनावणीत बॅगेतला एक नर सुरू झाला. किर्र, किर्र. जजसाहेब वैतागले. "कोणाचा फोन वाजतोय?"

संदेशने बॅग पायाने बाकाखाली सारली. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक सीनियर वकील उठले आणि मान खाली घालून म्हणाले, "सॉरी सर. माझाच."

*

मला संदेशने बजावलं होतं, "किडा तसाच नाही द्यायचा गं. कॅल्शियमची पावडर लावायची."

मी पिशवीत पावडर घेऊन रातकिडे घोळवत होते. आई मागे येऊन उभी राहिली. पेटीकडे ती पाठ करूनच वावरायची.

"हे काय?"

"कॅल्शियम. हाडं मजबूत होतात."

"माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणायला तुला चार महिने लागले. आणि रातकिड्यांना पावडर!"

त्या दिवशी मी आईचंही कॅल्शियम आणलं. आईने तिचं घेतलं. दाढोबाने नाही.

*

पाचव्या दिवशी ग्रुपमधल्याच गिरगावच्या गोरेकाकांकडे गेले. काका रिटायर्ड ड्राफ्ट्समन. त्यांच्याकडे पिठात वाढवलेल्या अळ्या, म्हणजे मीलवर्म. ड्रॉवरला लेबलं, लेबलांवर मापं. नियम असा की किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. काका फूटपट्टी लावून अळ्या निवडतात.

"आणि अळीच्या पोटात जे, तेच सरड्याच्या पोटात," काका म्हणाले. "म्हणून आमच्याकडे फक्त ओट्स आणि गाजर. कांदा-लसूण वर्ज्य."

"पण काका, तुमचा सरडा अळ्याच खातो ना?"

"हो. पण बिनकांद्याच्या!"

आतून काकू ओरडल्या, "काल चतुर्थीला अळ्यांना बटाट्याच्या चकत्या घातल्यात यांनी!"

दाढोबाने त्या सात्त्विक अळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

*

शेवटी डुबिया मागवायचं ठरलं. ही झुरळं गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, उडत नाहीत, वास मारत नाहीत. फक्त लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लागतात. मी लालबागच्या अंडेवाल्याकडे गेले.

"भैया, ट्रे पाहिजेत. अंडी नकोत."

"ताई, कोंबड्या पाळल्या काय?"

"नाही. झुरळं."

त्याने ट्रे दिले. पैसे घेतले नाहीत. आता मी लांबून दिसले तरी तो ट्रे काउंटरवर ठेवतो आणि स्वतः आत जातो.

*

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. आईचा फोन आला.

"तुझी झुरळं आली."

"उघडू नकोस हं!"

"उघडणार कशाला? आयुष्यभर चपलेने मारली, आता सही करून घेतलीत. तेवढं पुरे."

घरी आल्यावर मी झुरळं मोठ्या टबात सोडली आणि टब कोपऱ्यात ठेवला. आईने टबाभोवती एक फेरी मारली आणि आत गेली.

*

नववा दिवस, रविवार, सकाळचे साडेअकरा. दाढोबाच्या पाठीची हाडं दिसायला लागलेली. मी चिमट्याने टबातून एक झुरळ उचललं. ते सुटलं. जमिनीवर पडून पळालं. मी किंचाळले, पण वाटीखाली धरलं आणि तसंच पेटीत टाकलं.

पळताना बघूनच त्याला भूक लागली असावी. मान वाकडी, जीभ बाहेर, गप! नऊ दिवसांनी!

"आई! खाल्लं! खाल्लं त्याने!"

आई धावत आली. पहिल्यांदाच पेटीत वाकून बघितलं. "चावून खातोय की गं शहाण्यासारखा," म्हणाली.

मी आनंदाने खाली बसले, आणि मला टबाभोवती जमिनीवर पांढरी रेघ दिसली. अगदी गोल. एका जागी मघाच्या झुरळाच्या पायांनी विस्कटलेली.

"आई, हे काय आहे?"

"मीच ओढली काल. आपल्या मोरीतली झुरळं तुझ्या महागड्या झुरळांत शिरायला नकोत म्हणून."

"कशाने?"

"खडूने."

"कसल्या खडूने?"

आईचा चेहरा उतरला. "झुरळं मारायच्या."

दाढोबाची दाढी काळी पडायला लागली होती; हे सरडे त्रासात असले की तसं होतं. मी संदेशला फोन लावला, बंद. गोरेकाका, रिंग जाऊन कट. सरडे बघणाऱ्या डॉक्टरांना एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि नंबर स्वतःच लावला. पेटीशी फतकल मारून बसली, एक हात काचेवर, फोन कानाला. तो माझ्याकडे देईना.

रिंग थांबली. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं.

"डॉक्टर," आई म्हणाली, "मी दाढोबाची आजी बोलतेय."