दातांचा दवाखाना, बोला!

दंतवैद्यांकडे फोन घेणाऱ्या ताईंना एक भलतंच वेड होतं. सुट्टी मिळाली की त्या समुद्रात एका दमात खोल उतरत. पायांना माशाच्या परांसारखे फिन्स नाहीत, काही नाही. नुसते हातपाय मारत, होडीतून सोडलेल्या दोराच्या कडेकडेने खाली जायचं, टोकाच्या तबकडीवरची पट्टी पुरावा म्हणून काढायची आणि वर यायचं.

स्पर्धेत वर आल्यावर मात्र नियम कडक. चष्मा काढायचा, बोटांनी खूण करायची आणि पंचांकडे बघून म्हणायचं, "मी ठीक आहे." भलतं काही तोंडून निघालं की बाद.

मागच्या स्पर्धेत ताई झकास वर आल्या. चष्मा काढला, खूण केली. पण इतका वेळ दम कोंडला की डोकं बधिर होतं आणि जीभ आपल्या सवयीने वळते. ताई गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, दातांचा दवाखाना, बोला!"

पंचांनी लाल कार्ड दाखवलं. ताईंना शिकवणारी त्यांची नणंद हसता हसता होडीतून पडायचीच बाकी होती. मग मात्र ती गंभीर झाली.

"वहिनी, यंदाची एकच स्पर्धा उरलीये. तिथे पांढरं कार्ड मिळालं तरच संघात घेतील. त्या जिभेचं काहीतरी करा."

ताईंनी केलं. सोमवारपासून दवाखान्यात फोन वाजला की त्या म्हणत, "मी ठीक आहे."

"तुम्ही असाल हो! माझी दाढ ठणकतेय!" एक आजोबा कळवळले.

डॉक्टर वैतागले. "अहो ताई, लोकांना वाटतं मी तुमच्यावरच काहीतरी प्रयोग केलाय!"

"स्पर्धेपर्यंत चालवून घ्या, डॉक्टर."

घरी दार उघडतानाही तेच. नवरा म्हणाला, "अगं, दूधवाला विचारत होता, वहिनींना काय झालंय?"

स्पर्धेत ताई वर आल्या तेव्हा ओठ निळसर होते, नजर हरवलेली. चष्मा निघाला. बोटं जुळली. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नणंदेने होडीचा काठ घट्ट धरला.

"मी," ताई म्हणाल्या. दात कडकड वाजले. "ठीक आहे."

पंचांनी पांढरं कार्ड वर केलं.

"वहिनी! आता काय वाट्टेल ते बोला!"

ताईंनी दम घेतला आणि ज्या सुरू झाल्या त्या होडी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबल्या नाहीत: खाली केवढा अंधार होता, पट्टी निघता निघत नव्हती, परतताना पायात गोळा आला, आणि पंचांचा पुढचा दात चांगलाच किडलाय, त्यांना बुधवारी सकाळची वेळ द्यायला हवी.