तू तरी ताई म्हणू नकोस

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दोन गाळ्यांत आमचं चॅनल चालतं. तिथली लिफ्ट वर्षभर बंद होती. श्रुतिका सावर्डेकर नोकरीला येणार म्हटल्यावर ती दोन दिवसांत सुरू झाली. आमचे मालक प्रीतमसर स्वतः खाली उतरले, हात जोडून म्हणाले, "या ताई." ताई तेवीस वर्षांच्या होत्या, सर पंचावन्नचे.

तिचे वडील चंद्रप्रकाश सावर्डेकर मंत्री आहेत. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत त्यांना सगळे साहेब म्हणतात. घरातसुद्धा. श्रुतिका फोनवर "हो साहेब, जेवले साहेब" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, ही प्रीतमसरांना एवढं का सांगते? ती बापाशी बोलत होती.

मी सुबोध, जोगेश्वरीचा, या चॅनलचा कॅमेरामन. मंत्र्यांची पोरं मी भरपूर बघितली आहेत आणि त्यातलं एकही मला आवडलेलं नाही. ही पण स्टुडिओत बसून गालाला पावडर लावेल अशी माझी खात्री होती. तिने फिरतीचं काम मागितलं. पहिल्याच दिवशी माझ्या बाईकवर मागे बसताना म्हणाली, "सुबोध, तू तरी ताई म्हणू नकोस यार. नावाने हाक मार ना."

मी नावाने हाक मारायला लागलो. पोरगी कामाची निघाली. उन्हात उभी राहायची, प्रश्न नीट विचारायची, वडापाव खाऊन दिवस काढायची. पण तिने काहीही आणलं तरी डेस्कवरचे एकमेकांकडे बघून हसायचे. बातमी घरून आली असणार, म्हणायचे. ती ऐकायची आणि पुढच्या बातमीच्या मागे लागायची. एकदा मला म्हणाली, "एक बातमी अशी करायचीय, की साहेबांनी दिली असं कुणाला म्हणताच येणार नाही."

तशी बातमी तिला घाटकोपरच्या एका ट्रान्झिट कॅम्पात सापडली. चाळ पाडून टॉवर बांधायचा म्हणून बिल्डरने लोकांना तिथे तात्पुरतं हलवलं होतं. तात्पुरतं म्हणता म्हणता तिथे पोरांची लग्नं झाली, म्हातारे गेले, टॉवर जोत्याच्या वर आला नाही. आणि त्या टॉवरचा नारळ फोडला होता साहेबांनी. हे सगळं माहीत असून ती गेली.

शांताबाई तिथेच राहतात. मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, आता एकट्या. त्यांच्या पत्र्यावर पाणी गळू नये म्हणून एक फ्लेक्स ताणलेला होता. त्यावर साहेब होते आणि शेजारी श्रुतिका, 'ताईंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. कार्यकर्त्यांनी फोटो इतका गोरा करून टाकला होता की तिच्या आईनेही ओळखला नसता.

"ही कोण भवानी कुणाक म्हायत," शांताबाई म्हणाल्या, "पण कापड चांगला आसा. पाणी येणा नाय."

श्रुतिका पोट धरून हसली. मग शांताबाईंनी तिला चहा दिला, "बस गो पोरी" म्हणून जवळ बसवलं आणि साहेबांना कॅमेऱ्यासमोर सोलून काढलं. नारळ फोडून गेला तो तोंड दाखवायला आला नाही, मत मागायला आला तर चुलीतलं लाकूड घेऊन उभी राहीन, असं बरंच. श्रुतिकाने त्यातला एक शब्द कापला नाही. परतताना बाईकवर ती गात होती. तिला इतकं खूश मी त्याआधी बघितलं नव्हतं.

"झकास झालंय ताई," प्रीतमसर म्हणाले. "उद्या लावू."

उद्या लागली नाही. परवा साहेबच कॅम्पात आले, आमच्यासह सगळ्या चॅनलांचे कॅमेरे घेऊन. बिल्डरच्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आमच्या पडद्यावर 'साहेबांचा दणका', खाली 'ताईंच्या पाठपुराव्याला यश'. श्रुतिकाने आणलेल्या गळक्या भिंती दाखवल्या, शांताबाईंचा चेहराही दाखवला, फक्त आवाज काढून टाकला. डेस्कवरच्यांना आता हसायचीही गरज उरली नाही. मला मात्र सगळ्यांच्या कानाखाली वाजवावंसं वाटत होतं.

पण खरी वाट लागली ती त्याच सकाळी, कॅम्पात. निघताना साहेबांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते शांताबाईंनी बघितलं. गर्दी पांगल्यावर आम्ही त्यांच्या दारात गेलो. पत्रा उघडा होता. फ्लेक्स काढून, पुसून, चेहरे वर येतील असा घडी घालून त्यांनी आत ठेवला होता. श्रुतिकाला बघून त्या उठल्या आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, म्हातारीक माफ करा. मी काय बोललंय, ता साहेबांका दाखवू नका. ह्या वयात मी खंय जाऊ?"

"आजी, मी तीच आहे. परवा चहा प्यायले ना तुमच्याकडे?"

"होय ताई," शांताबाई म्हणाल्या. त्या काही बसल्या नाहीत, आणि तिलाही बस म्हणाल्या नाहीत.

त्या रागात श्रुतिकाने राजीनामा दिला. प्रीतमसरांनी तो साहेबांकडे पाठवला. घरात काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आठवड्याने ती परत आली ती स्टुडिओत. आता दर शनिवारी तिचा कार्यक्रम असतो, 'ताईंचा दरबार'. लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात, हात जोडतात, ती मान हलवते. कार्यक्रम जोरात चालतो. टॉवर अजून जोत्यावरच आहे.

गेल्या शनिवारी तिच्यावर कॅमेरा लावताना माझ्या तोंडून गेलं, "ताई, जरा वर बघा."

मी थांबलो. ती काहीतरी बोलेल, निदान एक शिवी तरी घालेल, असं वाटलं.

तिने वर बघितलं.