दुसऱ्याच्या आवाजातला मी

सांगली सोडली त्या दिवशी नाना गाडीपर्यंत आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती, टपावर चार बॅगा, आत मेधा आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची ईशा. सगळी गल्ली निरोप द्यायला बाहेर आली होती आणि माझे वडील मात्र पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. काचबिंदूनं त्यांची नजर तोवर नेली होती. मी पाया पडलो तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिकडं विंगेत कुणी नसतंय, विनू. सगळं पाठ करून जा." मी हसलो. त्यांना प्रत्येक गोष्टीत नाटकच दिसतं, असं तेव्हा वाटलं.

नाटक दिसायचंच. नाना दिवसा हळदीच्या अडत दुकानात कारकून आणि संध्याकाळी गावातल्या नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता आणि कान नटांच्या आवाजाकडे. प्रॉम्प्टरला नुसतं वाचता येऊन भागत नाही. नट बोलता बोलता थांबला, तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला ओळखावं लागतं. विसरला असेल तर शब्द द्यायचा, थांबला असेल तर तोंड मिटून बसायचं. तीस वर्षांत नानांची यात चूक झाल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. टाळ्या मात्र त्यांच्या वाट्याला कधी आल्या नाहीत, त्या मी घेतल्या. त्याच संस्थेत मी नायकाची कामं करायचो. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं माझं नाव होतं, पण एस्टी स्टँडवर चहावाला ओळखायचा, आणि मला तेवढं पुरायचं.

मग मेधाला हॅम्बर्गला विमानांच्या कंपनीत नोकरी लागली. तिनं मला फरफटत नेलं नाही, हे इथं सांगायला हवं, कारण गावात अजून तसंच बोलतात. छाती फुगवून मीच म्हणालो होतो की नट कुठंही नटच असतो.

नानांचं मी ऐकलं. दोन वर्षं जर्मन भाषा नाटकासारखी पाठ केली. बंदरातल्या फेरीबोटीत उभा राहून, पावसात, ओठ हलवत. उच्चार घासूनपुसून इतके स्वच्छ केले की फोनवर बोलताना समोरच्याला मी इथलाच वाटायचो. मग नट पुरवणाऱ्या एका एजन्सीनं माझं नाव नोंदवलं आणि पहिलं काम मिळालं, तुर्की टॅक्सीवाल्याचं. दोन वाक्यं. मी ती म्हटली आणि दिग्दर्शक म्हणाला, "आल्झो, सुंदर. पण जरा वाईट बोला ना. इतकं शुद्ध कोण बोलतं?" दोन वर्षांची मेहनत मी तिथल्या तिथं मोडून दाखवली. पुढं तेच माझं कौशल्य ठरलं. इराकी आचारी झालो, इजिप्तचा डॉक्टर झालो, पाकिस्तानी दुकानदार झालो, एकदा नुसतंच प्रेत झालो. श्रेयनामावलीत माझ्या पात्राला क्वचितच नाव असायचं, बहुधा धंदाच असायचा. एजन्सीची बाई कौतुकानं म्हणायची, तुम्ही फार अष्टपैलू आहात. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हणायचो. मराठी माणूस सोडून मला सगळं जमत होतं.

त्याच सुमारास एका इंग्रजी सिनेमाचं चित्रीकरण हॅम्बर्गच्या बंदरात आलं. त्यातला मुख्य नट इंग्लंडचा, साठीचा, जगभर नावाजलेला. त्याला मी कॉलेजपासून बघत आलो होतो. तो राजा झालाय, पाकीटमार झालाय, पाद्री झालाय, वेडा झालाय, आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस वाटलाय. त्यालाही सगळे अष्टपैलूच म्हणतात. शब्द एकच. पण त्याला नवं काम मिळालं की नवा स्वभाव मिळतो, आणि मला मिळतो नवा पासपोर्ट. हे जळून लिहितोय असं वाटेल. जळूनच लिहितोय.

माझं काम होतं गोदामात गालिचे विकणाऱ्या अफगाणी म्हाताऱ्याचं. त्याचा तरुण मुलगा बंदरात बुडालाय आणि त्याला प्रेत ओळखायला बोलावलंय. या म्हाताऱ्याला चक्क नाव होतं. एजन्सीच्या फॉर्मवर भाषेचा रकाना होता, त्यात मी "फारसी, चांगली" असं लिहिलं. मला फारसीतलं ओ की ठो येत नाही. हॅम्बर्गमध्ये हजारो अफगाणी राहतात, त्यांतही नट असतील, घर हरवून आलेले असतील, हे मला ठाऊक होतं. आमच्या दिसण्यावरून लोक आम्हाला काहीही समजतात, मग एकदा त्याचा फायदा मी का घेऊ नये, असं मी स्वतःला पटवलं.

दिग्दर्शक म्हणाला, इथं संवाद लिहिलेला नाही, तुमच्या भाषेत मुलाशी बोला, मनाला येईल ते. कॅमेरा सुरू झाला. टेबलावर पांढऱ्या चादरीखाली कुणी होतकरू मुलगा श्वास धरून पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला सांगलीची पुढची खोली दिसली, खुर्ची दिसली. मी मराठीत बोललो. "तुम्हाला एकटं टाकून गेलो. येतो येतो म्हणत राहिलो, आलो नाही. तुम्हाला दिसत नव्हतं तरी सोडून गेलो. माझं चुकलं. मला घरात घ्या." इतक्या वर्षांत हे मी फोनवर एकदाही बोललो नव्हतो. दिग्दर्शकानं कट म्हटलं. तो इंग्रज नट आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, मुलाची माफी मागितली.

सहा वर्षं झाली होती नानांना भेटून. आधी ईशाची शाळा, मग व्हिसाचे कागद, मग कामांच्या तारखा. कारणं सगळी खरी होती आणि सगळी पुरवून पुरवून वापरलेली होती. त्या संध्याकाळी फोन केला आणि सांगितलं, "नाना, मोठ्या सिनेमात मराठी बोललोय. तुमच्यासाठी. काय बोललो ते तेव्हाच ऐका." ते म्हणाले, "बघायचं राहू दे, ऐकायला तरी मिळेल." गावातच दिलेल्या माझ्या ताईनं नंतर सांगितलं की दुसऱ्याच दिवशी अख्ख्या गल्लीला बातमी कळली होती.

सिनेमा मोबाइलवर यायला जवळजवळ वर्ष गेलं. नाना थकत चालले होते आणि दर फोनला विचारत, "आला का रे?" आला त्या रविवारी ताईनं पुढच्या खोलीत मोठा टीव्ही लावला, शेजारीपाजारी आणि संस्थेतली जुनी मंडळी गोळा केली. मी इथून व्हिडिओ कॉलवर होतो. इकडे दुपार, शेजारी ईशा. पडद्यावर गोदाम आलं, टेबल आलं, मी आलो. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून दुसराच कुणी बोलायला लागला.

खर्जातला, थोडा घोगरा, फार चांगला आवाज होता तो. भाषा फारसी. कुणा जाणकारानं ऐकल्यावर चूक पकडली असणार आणि खऱ्या अफगाणी माणसाकडून बोलून घेतलं असणार. मला कळवायची कुणाला गरज वाटली नव्हती. ईशा जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, हा तुझा आवाज नाहीये." जर्मनीत डब केलेल्या सिनेमात तो इंग्रज नटही जर्मन माणसाच्याच आवाजात बोलतो, पण त्याचा स्वतःचा आवाज मूळ सिनेमात शाबूत आहे. माझा कुठंच नव्हता. आणि मी कुणाला दोष देणार? रकाना मीच भरला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिकडे खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी विचारलंच, "नाना, हे मराठी कुठाय? तुम्ही तर म्हणाला होता."

ज्या माणसानं माझा आवाज फुटल्यापासून विंगेत बसून ऐकला, माझ्या श्वासावरून ज्याला कळायचं की मी आता अडखळणार, त्याला पहिल्या शब्दालाच सगळं कळलं असणार. नाना हसले. "मी गंमत केली तुमची," ते म्हणाले. "अफगाणी माणसाचं काम आहे, मराठी कसं बोलेल? शिकलाय तो ती भाषा. आवाजसुद्धा बदललाय बघा. याला म्हणतात नट." परत टाळ्या झाल्या.

माणसं गेल्यावर त्यांनी ताईला फोन कानाला लावायला सांगितला.

"कोण रे तो?"

"असेल कुणी अफगाणी."

"चांगला बोलला. दुःख खरं होतं त्याचं." मग त्यांनी विचारलं, "तू काय बोलला होतास तिथं? म्हणून दाखव."

पाच वाक्यं होती. तोंडपाठ होती, आजही आहेत. शेजारी ईशा होती, आत मेधा होती, लाज वाटत होती, सगळं खरं. मी म्हणालो, "असंच काहीतरी, नाना. सीनपुरतं." बराच वेळ वाट बघितली त्यांनी, पुढचा शब्द सुचवला नाही. मग म्हणाले, "बरं. जेवून घे."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला गल्लीतले लोक भेटायला आले. जरा बसले, नानांबद्दल बोलले आणि मग एकजण भीतभीतच म्हणाला, "विनूदादा, ते अफगाणी जरा म्हणून दाखवा ना. नाना सारखं सांगायचे, माझा पोरगा कुठलीपण भाषा उचलतो." ताईनं माझ्याकडे बघितलं. तिला खरं माहीत होतं.

मी म्हणून दाखवलं. हॅम्बर्गला राहत्या पत्त्याची नोंदणी करताना पाठ झालेली सरकारी जर्मन वाक्यं, आवाज खर्जात नेऊन, डोळ्यांत पाणी आणून. पाणी आणायला कष्ट पडले नाहीत. दोघी-तिघींनी पदरानं डोळे पुसले.

तुम्ही तिकडे राहिलेले विचारता, घराची आठवण येते का. माझ्यासारखे निघून आलेलेही एकमेकांना हेच विचारतात. त्या गल्लीत माझं खरं-खोटं ओळखणारा एकच माणूस होता. चारचौघांत माझी लाज राखायला तो आयुष्यात एकच खोटं बोलला आणि गेला. आता सांगलीला गेलो की मला त्याच्या खोट्यातल्या नटाचं काम करावं लागतं. ताईला माहीत आहे, पण नुसतं ऐकून ते खोटं आहे हे ओळखणारं तिथं कुणी उरलेलं नाही.