नागपुरात ऐकलेली मामाची धून

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण वाचून हसणाऱ्यांपैकी. आपल्यावरच लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी नागपूरच्या पुढे, धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. शिवाय आमचं घर आजोबांच्या पिढीपासून धम्म घेतलेलं. अंगात येणं, करणी, भटकणारा आत्मा... यातलं काहीच आमच्यात चालत नाही. लहानपणी कुणी भुताची गोष्ट सुरू केली की आई म्हणायची, "बंद कर बाप्पा ते, अभ्यास कर." तर मी अशा घरातली. खाली लिहिलेलं वाचून तुम्हाला जेवढं विचित्र वाटेल, त्याहून जास्त मला लिहिताना वाटतंय.

सुरुवात मामापासून करावी लागेल.

माझा मनोहर मामा दवनीवाड्याचा. थोडी धानाची शेती, बाकी सगळा जीव बेंजोत. आमच्याकडे बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, आत तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. मामा बुद्ध-भीम गीतांच्या एका गायन पार्टीत तो वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे... आज तिरोडा, उद्या आमगाव, परवा सालेकसा.

त्या बेंजोचं एक बटण बिघडलेलं होतं. दाबलं की सूर निघायचा नाही, नुसतं 'टक' व्हायचं. दुरुस्त करतो, दुरुस्त करतो म्हणत ते राहूनच गेलं. उलट मामाने त्या टकवर एक धून बसवली! दोन गाण्यांच्या मधे गायक पाणी प्यायला लागला, ढोलकीवाला ढोलकी कसायला लागला, की मामा ती वाजवायचा. हळूहळू खाली उतरत जाणारी, जराशी लाडिक... सूर, सूर, सूर — टक. मग पुन्हा वर. समोर बसलेली आम्ही पोरं त्या जागी तोंडाने 'टक' करायचो. म्हणून मामा दुसऱ्या फेरीत मुद्दाम थांबायचा. आमचं 'टक' आधीच होऊन जायचं, आम्ही फसायचो, आणि मग सावकाश त्याचं यायचं. अख्खा मंडप हसायचा. तेवढ्यात गायकाचं पाणी पिऊन व्हायचं, पुढचं गाणं सुरू. त्यामुळे ती धून स्टेजवर कधी पुरी झालीच नाही. तिला नावही नव्हतं. मामी तिला 'ते टकवालं' म्हणायची.

मी बारावीला असताना मामा गेला. हार्टचा त्रास होता. तेव्हा आमच्यात कुणाकडे रेकॉर्डिंगवाला मोबाईल नव्हता, आणि पार्टीची कॅसेटही कधी निघाली नाही. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामीने बेंजो पार्टीच्या लोकांना देऊन टाकला आणि गाणं बंद केलं. म्हणजे ऐकणंच बंद. शेजारी रेडिओ लागला की ही मागच्या बाजूला जाऊन भांडी घासत बसायची. जयंतीला यायची, भाषणं पुरी ऐकायची, आणि पार्टीने सूर लावला की चपला शोधायला लागायची. सगळ्यांना माहीत होतं, कुणी काही म्हणत नसे.

आता दुसऱ्या बँजोकडे येते.

एकदा गोरेगावच्या एसटीत बसले असताना मामाची फार आठवण आली. त्याच्या पेटीचा आवाज कुठे मिळतो का बघावं म्हणून मोबाईलवर 'बँजो' शोधलं. मिळालं भलतंच! गोल, डफासारख्या तोंडाचं, लांब मानेचं अमेरिकन वाद्य, आणि एकाच माईकभोवती दाटीवाटीने उभी असलेली चार-पाच माणसं. ढोलकी नाही, तबला नाही, ड्रम नाही, तरी ठेका असा की पाय थांबेना. या प्रकाराला ब्लूग्रास म्हणतात हे नंतर कळलं. त्या दिवशी मी चिडून बंद केलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं.

मग वेडच लागलं. मला वाटायचं असलं संगीत म्हणजे जुन्या म्हाताऱ्या लोकांचं असणार. तसं नव्हतं. माझ्या वयाची, माझ्याहून लहान पोरं-पोरी आज नवे अल्बम काढताहेत. जाताना एक अल्बम, येताना एक. बाहेर शेतांच्या बांध्यांत धान उभा, कानात मँडोलिन. एका बँडमधला फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, आवडला की त्याचा स्वतःचा अल्बम शोधायचा, त्यात गायलेल्या बाईचा तिसराच बँड निघायचा... असं करत करत मी कुठल्या कुठे पोचले. एका अल्बममध्ये तर गाणं संपल्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकतं, ते त्यांनी तसंच ठेवलंय. त्या कुत्र्यावर माझा फार जीव. पुढे पुण्याला, बेंगळुरूला लाइव्ह शो बघून आले. स्टाफरूममधल्या मॅडम म्हणायच्या, "क्या टिंग-टिंग सुनते रहते हो आप! इससे तो बारात का बैंड अच्छा." मी हसून सोडून द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात यातलाच एक छोटा बँड भारतात आला. चौघांचा. नाव मुद्दाम देत नाही, उगाच त्यांना त्रास नको. त्यांचे सगळे अल्बम माझे पाठ. आणि चक्क नागपूरला शो! रविवारी संध्याकाळी, एका लहानशा हॉलमध्ये. त्याच आठवड्यात मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं, आणि आम्ही दोघी माझ्या नणंदेकडे उतरलो होतो. रविवारी नणंदेकडचे सगळे लग्नाला गेलेले. मामीला एकटं कसं ठेवायचं?

"चल ना मामी माह्यासंगं, एक कार्यक्रम हाय."

"कायचा?"

"गाण्याचा."

तिने उशी सरळ केली. मग म्हणाली, "मले कायले नेऊन राहिली तिथं? मी इथंच पडून राह्यतो."

"डोळ्यात थेंब कोन टाकन तुह्या? अन् इंग्रजी गाणे हायेत. तुले एक शब्द समजणार नाई."

यावर तिने जरा विचार केला. "एकबी नाई?"

"एकबी नाई."

"मंग चाल. समजतच नाई तं तरास कायचा."

तर अशी आमची स्वारी निघाली. मामी डोळ्यांना काळा चष्मा लावून, अंगावर शाल घेऊन. कडेच्या खुर्च्या धरून बसलो. उभं धरून वाजवायचा तो मोठा बास बघून ती म्हणाली, "हे केवढी सारंगी वं! मान्साएवढी!" बँजो वाजवणारी एक सडपातळ, दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तिच्याकडे बघून, "या पोरीले जेवू नाई घालत का कोनी?" मला हसू आवरेना. तीन-चार गाणी झाली. मामी शांत बसली होती, चपला शोधत नव्हती. मला तेवढंच पुष्कळ होतं.

मधेच गिटारची तार तुटली. गिटारवाला मागे जाऊन नवी तार लावायला लागला. बँजोवाली पुढे आली, माईकवर म्हणाली की याला वेळ लागतो, तोपर्यंत मी काहीतरी वाजवते. आणि तिने हळू आवाजात सुरू केलं.

पहिल्या ओळीला मला वाटलं, भास होतोय. आपल्याला मामा आठवतो म्हणून सगळीकडे तेच ऐकू येतंय. धून खाली उतरत होती... जराशी लाडिक...

"टक," मामी माझ्या शेजारी पुटपुटली.

आणि मग स्टेजवर त्या मुलीने वाकवलेल्या बोटाने बँजोच्या कातड्यावर ठोकलं. टक.

क्रम नीट लक्षात घ्या. आधी मामी, मग ती.

मी मामीकडे बघितलं. काळ्या चष्म्यातून काही दिसेना. तिने माझं मनगट धरलं होतं. धून वर गेली, पुन्हा उतरायला लागली. दुसरी फेरी. माझ्या ओठांवर 'टक' आलं, मी ते केलंही, आणि मी फसले... लहानपणी फसायचे तशीच. मुलगी थांबली होती. मामीही थांबली होती. मग दोघींचं एकदम आलं, सावकाश. टक.

हॉलमधले लोक हसले.

"इले कोन सांगतलं?" मामीने विचारलं.

तेवढ्यात गिटारची तार लागली. मुलीने धून अर्ध्यातच सोडली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

शो संपला तेव्हा मामी उठली ती दाराकडे नाही, सरळ स्टेजकडे. माझा हात धरून, गर्दीतून वाट काढत. ते लोक सामान आवरत होते. मी त्या मुलीला गाठलं आणि इंग्रजीत, जमेल तसं, सगळं सांगितलं. मामा, पेटी, बिघडलेलं बटण. तिने मधे एकदाही अडवलं नाही. ऐकता ऐकता ती बँजो ठेवायच्या पेटीवर बसली.

मग ती म्हणाली की ही धून तिला कुणी शिकवली नाही, कुठे ऐकलेलीही नाही. काही वर्षांपूर्वी घरी स्वयंपाकघरात घेवडा शिजत होता, ती नुसती बँजो घेऊन बसली होती, आणि बोटांत ही आली. त्या एका जागी तिने कितीतरी सूर घालून बघितले. एकही बसेना. तिथे ठोकावंच लागतं.

"आणि दुसऱ्यांदा उशिरा का ठोकतेस?" मी विचारलं.

ती हसली. "कारण समोर कुणीतरी वाट बघतंय असं मला नेहमी वाटतं."

पुढे म्हणाली, "पण अल्बममध्ये घेता येत नाही. हिचा शेवटच मला सापडत नाही."

मी हे मामीला सांगितलं.

"शेवट हाय," मामी म्हणाली.

"काय?"

"स्टेजवर नाई वाजवला त्यानं. घरी वाजवे. मी पर्ह्याहून थकून आली का माह्यासाठी वाजवे."

पर्हा म्हणजे धानाची रोवणी. दिवसभर चिखलात वाकून काम. मामी तिथल्या खुर्चीवर बसली आणि तिने गायला सुरुवात केली. शब्द नव्हते, नुसतं "ना-ना-ना". मी तिला उभ्या आयुष्यात गाताना ऐकलं नव्हतं. आवाज फाटत होता, मधे दम लागत होता. पण सूर पक्का. शेवट खाली येतच नव्हता. वर गेला आणि तिथेच बसून राहिला, माणूस ओट्यावर टेकतो तसा.

मुलीने घाईघाईने बँजो परत बाहेर काढला. शोधायला लागली. मामी मान हलवायची, "नाई नाई. वर. अजून वर जाय." त्या पोरीला मराठीचा म सुद्धा येत नाही, पण ती बरोबर वर गेली. दोन-तीनदा चुकली, मग सापडलं. मग तिने धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. वायर गुंडाळणारा फिडलवाला तसाच उभा राहिला. मामीच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी डोळ्यांना जपायला सांगितलं होतं, म्हणून मी तिच्या हातात स्वच्छ रुमाल दिला.

निघताना मामीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवत जाय वं पोरी." मी भाषांतर केलं. मुलीने मामीला मिठी मारली ती सोडेचना.

मी हे प्रकरण तिथे सोडलं नाही. मास्तरीण आहे, खाज असतेच. गाणं ओळखणाऱ्या ॲपसमोर ती धून गुणगुणून बघितली, काही निघालं नाही. दवनीवाड्याला जाऊन पार्टीच्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला विचारलं, मामाने ही कुठून उचलली होती का? तो म्हणाला, "नाई बाई. मनोहरचंच होय ते. माह्यासमोर बसवलं त्यानं." उतरत जाणाऱ्या धुना जगात पुष्कळ असतील, दोन माणसांना सारखीच सुचू शकते. मान्य. पण ते ठोकणं? तेही मान्य करू. पण दुसऱ्या फेरीतला तो उशीर? आणि मामीचा शेवट त्या मुलीच्या अर्धवट धुनेला असा जोडला जाणं, सांधासुद्धा दिसू नये? इथे माझं फिजिक्स संपतं.

एकदा मी भीत भीत मामीला म्हटलं, "मामी, तो मामाच तर नसन—"

"चूप! आत्मा-बित्मा काई बोलू नोको. आपल्यात नाई चालत ते."

"मंग काय होय ते?"

"मले का मालूम? चांगलं वाजवलं ना तिनं?"

आता दुपारचं जेवण झालं की मामी माझ्या जुन्या मोबाईलवर बँड ऐकत बसते. तिची मतंही ठाम आहेत. एका प्रसिद्ध मँडोलिनवाल्याबद्दल म्हणाली, "हा कावून एवढी घाई करून राहिला? गाडी सुटते का याची?" मला तो फार आवडतो, पण तिचं चुकीचं नाही.

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला साधं, सरळ कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मला ऐकायचंय. ही पोस्ट टाकण्याआधी मी मामीलाही विचारलं, कारण सापडलं तर तुला सांगू का?

ती तांदूळ निवडत होती, शेजारी मोबाईलवर बँड चालू होता. मान वर न करता म्हणाली, "तुह्यापाशीच ठेव ते. अन् आवाज वाढव थोडा, पंख्यानं आयकू नाई येऊन राहिलं."