हाक मारणाऱ्याचं स्टूल

दिगंबरच्या जुन्या विद्यार्थिनीचा, रेणुकाचा फोन आला तेव्हा मी इचोड्याच्या धाब्यावर चहा पीत उभा होतो. मागून ट्रक धडधडत जात होते. "काका, सर गेले…" एवढंच नीट ऐकू आलं. दिगंबरचं दुखणं जुनं होतं, तरी हातातला चहा तसाच गार झाला. आता काही आठवडे लोटलेत, रडून झालंय. आज मला त्याच्याविषयी छाती फुगवून लिहायचंय, कारण माझा हा मित्र जिंकून गेला.

आदिलाबादच्या एका कॉलेजात आम्ही बरोबरीने नोकरी केली. मी केमिस्ट्री शिकवायचो, तो कॉम्प्युटरची जावा भाषा. फळ्यावर प्रोग्राम लिहिण्याआधी तो पोरांचाच प्रोग्राम करी. जावातला क्लास म्हणजे एक घर आणि त्यातल्या मेथड म्हणजे घरातली माणसं, ज्याचं त्याचं काम वेगळं. एक जण 'टक्के' व्हायचा, दुसरी 'बेरीज'. टक्के काढायचे तर आधी बेरीज हवी. मग 'टक्के'ने 'बेरीज'ला हाक मारायची आणि उत्तर हातात पडेपर्यंत एका लाकडी स्टुलावर गप बसायचं. "घरातल्या माणसाले हाक माराले पत्ता सांगा लागते का?" तो विचारी. "नुसतं नाव घ्या. अन् तिनं बेरीज करून ठेवली तं तुमी पुन्हा काऊन करता?" त्याचा तो दणदणीत आवाज भिंत ओलांडून माझ्या लॅबमध्ये यायचा, माझी पोरं परीक्षानळ्या सोडून तिकडे कान लावायची आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. प्रिन्सिपॉल सज्जन गृहस्थ. त्यांनी समजुतीनं सांगितलं, आता वर्ग नको, लॅबमधल्या मशीन सांभाळा. दिगंबरने कागदावर लिहून दिलं, "एक तास द्या. स्वतः येऊन बसा. नाही जमलं तर मशीन पुसत बसतो." शिकवणं सुटलं तर हा माणूस टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या तासाला प्रिन्सिपॉल पहिल्या बाकावर बसले आणि मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो, घाम पुसत.

त्याने फळ्यावर गुण लिहिले आणि बोटाने खूण केली. श्रीनू नावाचा उंच पोरगा 'टक्के' झाला, त्याने हाक मारली आणि स्टुलावर बसला. 'बेरीज' होती रेणुका, भीमपूरकडच्या कापूसवाल्या घरातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने भराभर बेरीज केली, चिठ्ठीवर लिहिली, आणि मग आमच्याकडेच होऊ शकतं ते झालं. श्रीनूला ओलांडून ती थेट पहिल्या बाकाशी गेली आणि दोन्ही हातांनी चिठ्ठी प्रिन्सिपॉलांपुढे धरली. समोर मोठं माणूस असताना दुसऱ्याला आधी कसं द्यायचं? लहानपणापासून हेच अंगी मुरलेलं. साहेबांनीही सवयीने ती घेतली आणि सही करायला खिशातलं पेन काढलं.

पूर्वीचा दिगंबर कडाडला असता. आता तो कडाडणार कसा… तो शांतपणे स्टुलापाशी गेला, श्रीनूला उठवलं आणि स्वतः त्यावर बसला. हात मांडीवर ठेवून, रेणुकाकडे बघत नुसता बसून राहिला. रेणुका एकदा स्टुलाकडे बघे, एकदा चिठ्ठीकडे. शेवटी तिने प्रिन्सिपॉलांपुढे हात केला.

"सर, ते वापस द्या. तुमी मले हाक नोती मारली. ज्यानं मारली तो तिथं वाट पाहून राह्यला."

चिठ्ठी स्टुलावर पोचली. दिगंबर उठला आणि फळ्यावर टक्के लिहिले. पोरांनी बाकं बडवली. प्रिन्सिपॉलांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "शिकवा सर तुम्ही. मला आज कळलं." त्यानंतर दिगंबर शेवटच्या आजारपणापर्यंत तसाच, एक शब्द न बोलता शिकवत राहिला. त्याच्या तासाला शेजारच्या लॅबमध्ये आता शांतता असे, आणि मला ती सोसायची नाही.

परवा त्याच्या वर्गातलं कपाट आवरायला गेलो. त्याच खोलीत आता रेणुका शिकवते, तिचाच तास चालू होता. स्टूल रिकामं दिसलं आणि माझे पाय तिकडे वळले. एकदा बसलो ते उठवेना. मित्रा, किती हाका मारल्या तुला… रेणुकाने माझा चेहरा पाहिला असावा. पोरांना म्हणाली, "आज काकाच 'टक्के'." मग मी हाक मारली, "बेरीज!" दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली, गुणांची बेरीज केली आणि चिठ्ठी घेऊन निघाली. वाटेत तिची मॅडम उभी होती. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ येऊन चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

बेरीज बरोबर होती. मी चिठ्ठी मुठीत धरून स्टुलावर तसाच बसलो.

"काका, उठा आता," रेणुका हळूच म्हणाली. "उत्तर आलं."