ज्ञानूच्या उंबऱ्यावरचं ऊन

माझ्या धाकट्या बहिणीला, ज्ञानेश्वरीला, शनिशिंगणापुरात दिली तेव्हा एकटी मीच कुरकुरले होते. ज्या घराला दारच नाही, तिथं बाईमाणसानं निवांत झोपायचं कसं? मी नगरला राहते आणि दोन कड्या घातल्याशिवाय पाठ टेकत नाही. ज्ञानू नुसती हसली. सात वर्षं सुखात गेली. सकाळी उंबऱ्यापाशी बसून रुईच्या पानांचे हार करायचे आणि भाविकांना विकायचे, हा तिचा धंदा.

यंदा चैत्रात तिच्या दोन्ही गालांवर, नाकावरून पार पलीकडे, लाल चट्टे उठले. सगळ्यांनी रुईच्या चिकाला दोष दिला. हातमोजे आणले, तरी चट्टे वाढतच गेले. सांधे धरले, पायांवर सूज आली. माझं धाबं दणाणलं. तिला थेट नगरला आणलं.

डॉक्टर अलिझा शेख यांनी रक्त, लघवी तपासून आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस; शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार.

"उन्हातले अतिनील किरण आपल्या सगळ्यांच्याच त्वचेच्या थोड्या पेशी मारतात. शरीर त्या गुपचूप साफ करतं. हिच्या त्वचेत मात्र दाहाचे संदेश आधीच फिरताहेत. त्यामुळे जराशा उन्हानंही जास्त पेशी मरतात, आणि त्या मेलेल्या पेशी आणखी दाह वाढवतात. किडनीवर परिणाम सुरू झालाय. गोळ्या देते, पण ऊन बंद म्हणजे बंद."

"मी उन्हात जातच नाही हो," ज्ञानू रडकुंडीला आली. "दिवसभर घरातच असते."

ती खोटं बोलतेय असं डॉक्टरांना वाटलं असणार. क्षणभर मलाही वाटलं. मग ते घर आठवलं. पूर्वेला तोंड, नुसती चौकट, विरलेला पडदा, आणि तोही उजेडासाठी बाजूला सारून बसलेली ज्ञानू. उंबऱ्याच्या आत बसलं की त्या घरात कुणी त्याला ऊन म्हणतच नव्हतं.

तिला पोचवायला गेले तेव्हा तिच्या सासूला, कडूबाईंना सांगितलं, "मावशी, दार बसवा."

"दार न्हाई बसायचं. देव कोपंल."

"मग तुमच्या देवाला माझ्या बहिणीची किडनी हवीय का?" मी नको ते बोलून बसले. आणि तणतणत परत आले.

पुढचे पंधरा दिवस जिवाला घोर होता. लघवीच्या तपासणीसाठी तिला न्यायला गेले, तर लांबूनच चौकट काळी दिसली. काही जळलं की काय म्हणून मी धावत सुटले.

जवळ गेले. चौकटीला वरून जाड काळं घोंगडं ठोकलेलं होतं, दुहेरी. ते ज्ञानूच्या सासऱ्यांचं; ते गेल्यापासून कडूबाई रोज तेच पांघरायच्या.

"हे दार न्हाई, घोंगडं हाय," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "देवाचा रंग बी काळाच. न्हाई कोपायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीची म्हातारी बाहेर भर उन्हात बसून रुईचे हार करत होती.

"तिला बाहीर बोलवू नगा," त्या म्हणाल्या. "ऊन हाय. तुमीच आत जा."